अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

युनूस, एक नंबरचं मशीन सुरू होईना झालंय.

तुझ्या मातीनंतरची तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, त्याला चार दिवससुद्धा झाले नव्हते. सकाळच्या बॅचच्या पोरी आल्या, मी बटण दाबलं, तर काहीच नाही. दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही, पडदा काळाच. मी सवयीनं बोलून गेले, राहू द्या गं, गुरुवारी युनूस येईल तेव्हा बघंल. पोरींनी माना खाली घातल्या आणि कीबोर्डकडं बघत बसल्या. एकीनं हळूच स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढं केली. मला तहान नव्हती, तरी प्याले.

तुझ्यावर चार ओळी लिहून द्या म्हणून इथल्या साप्ताहिकवाल्यांनी निरोप धाडलाय. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, उदगिरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं पहिलं दुकान तुझं की आणखी कुणाचं, ते सगळं बाकीचे लिहितील. मला त्यात पडायचं नाही. मला तुझ्याशीच बोलायचंय, कारण एक गोष्ट सांगायची राहून गेली. टँकरच्या वर्षी आपल्या इन्स्टिट्यूटच्या अंगणात, गल्लीतल्या बायकांसमोर, मी तुला एक वाक्य बोलले होते. ते चुकीचं होतं हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं. तरी मी तुला तसं कधी म्हणले नाही. तू दर गुरुवारी यायचास आणि मी दर वेळी पुढच्या गुरुवारवर ढकलायचे. असे किती गुरुवार गेले, देव जाणे.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा माझ्याकडं कॉम्प्युटर नव्हतेच. बारा टाइपरायटर होते आणि त्यांचा खडखडाट गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तुझे अब्बा चौकात स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. टाइपरायटरच्या दांड्या अडकल्या की त्यांनाच बोलवायचे मी. एकदा त्यांचे गुडघे धरले म्हणून तू आलास. सगळं गाव मला मॅडम म्हणायचं, तू आल्या आल्या अक्का म्हणालास. मी चष्म्यातून बघून सांगितलं, इथं मॅडम म्हणायची पद्धत आहे. तू म्हणालास, हाव अक्का. त्यावर काय बोलणार? पुढं टाइपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटर आले, तू ते शिकलास आणि मलाही शिकवलंस. पण मॅडम काही तुझ्या तोंडून आलं नाही.

मशीन सुरू होत नाही म्हणलं की लोकं लगेच हाय खातात. मदरबोर्ड गेला, सगळं गेलं, नवीन घ्या. तू कधी घाई केली नाहीस. आधी भिंतीचं बटण, मग मागची वायर, मग पडद्याची वायर. बिलोलीच्या एका कचेरीतून तुला तातडीनं बोलावणं आलं होतं, आठवतं? दोन एसट्या बदलून गेलास. झाडताना केरसुणी लागून मागची वायर सैल झाली होती, बस, एवढंच. पण तू तिथल्या कारकुनाला ते सांगितलं नाहीस. कॉम्प्युटरचा डबा उघडलास, धूळ फुंकलीस, उगंच दोन स्क्रू काढून परत लावलेस आणि अवघड काम होतं म्हणून सांगून आलास. माझ्याजवळ खरं सांगितलंस तेव्हा मी भडकले. थापाड्या म्हणले तुला. सरळ सांगायला काय झालं होतं?

"अक्का, त्या माणसाला उद्या त्याच टेबलावर बसायचं हाय," एवढंच म्हणालास.

थापा तू माझ्याकडंही कमी मारल्या नाहीस. उद्या येतो म्हणायचास आणि चार दिवसांनी उगवायचास. फोनवर निघालोच अक्का म्हणायचास तेव्हा घरी जेवत असायचास, मागं ताटाचा आवाज यायचा मला. पान खाऊन अंगणातल्या तुळशीजवळ पिंक टाकलीस तेव्हा बादली हातात देऊन तुझ्याकडूनच धुऊन घेतलं होतं. तू गेलास म्हणून आता तुझे सगळे गुण गायचे असं काही माझ्याच्यानं व्हायचं नाही.

पण हात मात्र होता तुझा. टायपिंगच्या संस्थेत खोडरबराला बंदी असते. मी पोरींच्या दप्तरातून काढून घ्यायचे. आणि तू आल्याबरोबर तोच मागायचास. मेमरीची पट्टी काढून तिचे पिवळे दात त्या रबरानं घासायचास, प्रकाशात धरून बघायचास, परत दाबून बसवायचास. निम्मी मशिनं तेवढ्यावरच उठून बसायची. दसऱ्याला मी सगळ्या मशिनांची पूजा करायचे, विभूती लावायचे, नारळाचं पाणी शिंपडायचे. एका वर्षी तू पंखा उघडून आतली विभूती बशीत काढून माझ्यापुढं ठेवलीस. अक्का, बाहेरून लावा, आतलं मी बघतो, म्हणालास. तेव्हापासून मी फूल वाहते, शिंपडत काही नाही.

आणि तुझा तो एक प्रश्न. कुठलंही मशीन उघडायच्या आधी विचारायचासच, काय बदललं? काल चालत होतं, आज चालत नाही, तर मधल्या वेळात काहीतरी बदललं असणार. टेबल हललं असेल, वायरमन येऊन गेला असेल, कुणी नवा पंखा लावला असेल. लोकांना हा प्रश्न आवडायचा नाही. आम्ही काही केलं नाही, म्हणायचे. तू हसून परत विचारायचास.

आता ते वर्ष. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेच वर्ष. आपल्याकडं नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. टँकर आला की बायका पळायच्या. त्यातच नव्या जिल्ह्याची हवा होती. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून निवेदनं निघत होती आणि ती सगळी माझ्याकडं टाइपिंगला यायची. मी जिल्ह्याच्या बाजूची, हे तुला माहीत होतं म्हणून तू मुद्दाम चिडवायचास. जिल्हा झाल्यावर नळाला पाणी येणार हाय का, विचारायचास. मी म्हणायची, पाण्याचं नंतर बघू, निदान पोरींना परीक्षेला लातूरला जावं लागणार नाही. तू म्हणायचास, माझी सासुरवाडी मुखेडची, ती आता बरी नांदेड जिल्ह्यात हाय. तिला इकडं ओढलं तर सासरे दर बाजाराला घरी येऊन बसतील. तो वाद आपला अर्धाच राहिला. जिल्हाही झाला नाही अजून.

पण परीक्षेचं सेंटर त्या वर्षी मिळालं होतं. टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर, पहिल्यांदाच आपल्या गावात, आपल्या दहा मशिनांवर. मी किती वर्षं त्यासाठी अर्ज करत होते ते तू बघितलं होतंस. लातूरला परीक्षा म्हणलं की खेड्यातल्या निम्म्या पोरींना घरून सोडायचेच नाहीत. त्यात त्या वर्षी लातूरच्या पाहुण्यांकडं कोण पोरगी पाठवणार? तिथं त्यांनाच प्यायला नव्हतं. सेंटर राहिलं तर या पोरी परीक्षा देणार, गेलं तर घरी बसणार, इतकं साधं होतं ते.

आणि परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा मशिनं बंद पडायला लागली. आधी तीन नंबर. मग सात. तू एकाची मेमरी घासलीस, एकाचा पॉवर सप्लाय बदललास, दोन्ही सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दोन्ही बंद आणि सोबत चार नंबरही. पोरी म्हणायला लागल्या, डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. यूपीएस मधेच ओरडून बंद व्हायचा. तू तीन दिवस तिथंच होतास. दुकान बंद ठेवून आला होतास, आणि या वेळी एकदाही उद्या येतो म्हणाला नाहीस. रोज मला विचारायचास, अक्का, काय बदललं? मी रोज सांगायची, काही नाही. तिसऱ्या दिवशी तर मी चिडून म्हणले, काय बदलायचंय, पाऊस तेवढा बदलला.

बदललं होतं, युनूस. मीच बदललं होतं आणि ते मला बदललं असं वाटतच नव्हतं. अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा होता. मीठ, कोळसा आणि खाली तांब्याची पट्टी घालून तूच तो करून घेतला होतास. सगळ्या मशिनांची एक वायर त्या खड्ड्यात जाते, चुकार करंट तिथून जमिनीत उतरतो. पण जमीन ओली पाहिजे. म्हणून दर गुरुवारी त्यात एक बादली पाणी ओतायचं, हा तुझा नियम. धुण्याचं पाणी चालायचं. पण त्या वर्षी धुण्याचं पाणी भांड्याला आणि भांड्याचं संडासाला असा हिशेब झाला होता. खड्ड्याला काय उरणार? सवयीनं कुणी बादली ओतेल म्हणून मी त्या खड्ड्यावर शहाबादी फरशी टाकली आणि कडेनं सिमेंट लावून घेतलं. पाणी वाचवलं म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. पाण्यासाठी जमिनीचं तोंड बंद केलं आणि तुला म्हणत राहिले, काही बदललं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू मीटर लावलंस, आकडा बघितलास, आणि तडक अंगणात गेलास. फरशी बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिलास. मी खिडकीतून बघत होते. तेव्हा तू मला बोलायला हवं होतंस. दुसरं कुणी असतं तर बोललं असतं. तू फक्त छिन्नी मागितलीस आणि फरशीची एक कड फोडलीस. आत कोळसा भुसभुशीत कोरडा. उद्या बघतो, म्हणालास. मी मनात म्हणले, झालं, याचा उद्या आला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तू खरंच आलास. शुक्रवार होता. मी फाटकाजवळ गल्लीतल्या बायकांबरोबर टँकरची वाट बघत उभी होते. सगळ्यांपुढं घागरींची रांग. वळून बघते तर तू खड्ड्याजवळ बसलेला आणि कॅनमधून पाणी ओतून राहिलास. नितळ, स्वच्छ पाणी. एक कॅन रिकामा बाजूला आणि दुसरा तिरका. बायकांनी बघितलं. कुणीतरी चुकचुकलं. मी तिथली मॅडम, दुसऱ्यांना बचत शिकवणारी, आणि माझ्याच अंगणात हे चाललेलं. माझा तोल गेला.

"लोकांना प्यायला नाही आणि तू मातीला पाजून राहिलास? तुझ्या घरचं पाणी असतं तर ओतलं असतंस का रे?"

तू वर बघितलंस. मला वाटलं काहीतरी उलट बोलशील. तू उरलेलं पाणी ओतलंस, मुठीनं खडं मीठ टाकलंस, फरशी सरकवून ठेवलीस. मशिनं लावून बघा अक्का, एवढं म्हणालास आणि स्कूटरला दोन्ही रिकामे कॅन बांधून निघून गेलास. दुपारी मी सगळी मशिनं लावली. दहाच्या दहा उठली. झिणझिण्या नाहीत, यूपीएस गप्प.

मला वाटलं होतं तू ते पाणी माझ्या पिंपातून घेतलंस. दुसरं कुठून घेणार? त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी पिंपात काठी घालून पाणी मोजायची आणि काठीवर खडूची रेघ मारायची. घरातल्यांना त्याचा वैताग यायचा. त्या संध्याकाळी काठी घातली, बाहेर काढली, तर ओल बरोबर कालच्या रेघेवर. एक तांब्यासुद्धा कमी नाही. मी काठी पुसून परत घातली. परत तेवढंच. मग ते दोन कॅन तू कुठून आणलेस हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. मी तिथंच पिंपाच्या कडेला बसले.

परीक्षा झाली. पोरी पास झाल्या. सेंटर आजपर्यंत टिकलं. पुढच्या गुरुवारी तू आलास, चहा प्यालास, जिल्ह्यावरून मला चिडवलंस. मी शब्द तयार ठेवले होते. पण तूच विषय काढत नाहीस, तर मी कशाला काढू, असं वाटलं. त्यानंतर पाऊस आला, लोक दुष्काळ विसरायला लागले, मग तो विषय काढणं आणखीच अवघड झालं. माझ्या तोंडाला तोंड देणारा एकही माणूस उदगिरात नाही, पण माझं चुकलं हे दोन शब्द मला आले नाहीत. त्याऐवजी दर सणाला गव्हाची गोड हुग्गी करून तुझ्याकडं डबा पाठवायची. ईदला तुझ्या घरून तुझ्या बायकोच्या, शमीमच्या हातचा शीरखुर्मा यायचा. मला वाटायचं, चला, फिटलं. फिटत नसतं तसं. मलाही माहीत होतं.

तर आता एक नंबर. मी तुझ्याच पद्धतीनं गेले, युनूस. आधी स्वतःला विचारलं, काय बदललं? एवढंच बदललं होतं की तू नव्हतास. मग भिंतीचं बटण. वायर काढून दुसऱ्या मशिनाला लावली, ती चांगली होती. अंगणात जाऊन खड्डा बघितला, ओल होती, यंदा पाऊस बरा झालाय. मग डबा उघडला. आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं. स्क्रू बशीत ठेवले, नाहीतर तुझ्यासारखे टेबलाखाली रांगून शोधावे लागतील. मेमरीची पट्टी काढली, खोडरबरानं घासली, दाबून बसवली. बोर्डावरची ती गोल बॅटरी काढून परत घातली. काही नाही. पंखा साधा हललासुद्धा नाही. म्हणजे पॉवर सप्लाय गेला असावा, इतपत मला कळत होतं. स्टँडकडच्या एका दुकानदारानं न बघताच सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. आमचे हे म्हणाले, नवीन सप्लाय आणून लाव.

पण तू सांगितलं होतंस की नवा पार्ट लावून कधी तपासायचं नाही. नवा म्हणजे चांगला असतोच असं नाही. जो चालतोय याची खात्री आहे तोच लावून बघायचा. तसा एक सप्लाय तू कायम पिशवीत घेऊन फिरायचास. म्हणून मी तुझ्या घरी गेले. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं ते तुला माहीतच असेल.

शमीम तुझ्यामागं इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस बाहेर येत नाही. मी आत गेले. तिनं दार लोटलं आणि मला खाटेवर बसवलं. वाळलीय रे ती. तुझी काळी पिशवी तिनं स्वतः काढून आणली आणि एकेक वस्तू पुढं ठेवायला लागली. पेचकस, मीटर, वायरींची गुंडाळी. सप्लाय हातात घेऊन मला दिला आणि मग एकदम त्या दुष्काळाचंच बोलायला लागली. त्या शुक्रवारी तुझ्याशी लई भांडली होती म्हणाली. घरात पाणी तेवढंच होतं, सगळ्यांच्या जुम्म्याच्या अंघोळीचं राखलेलं. तू ते कॅनमध्ये भरायला लागलास तेव्हा ती आडवी झाली होती. अक्का त्यांच्या पिंपातलं देत नाहीत का, म्हणाली होती. तू ऐकलं नाहीस. अंघोळ न करता, नुसता हातपाय धुवायचा वजू करून नमाजला गेलास.

मग तिनं पुढचं सांगितलं. तू दुपारी घरी आलास आणि तिला म्हणालास, अक्कानं हात जोडले. शमीमला सांग म्हणाल्या, तिच्या पाण्यावर माझ्या पोरींची परीक्षा होऊन राहिली.

युनूस, मी त्या खाटेवर बसले होते आणि मला खाली बघवत नव्हतं, वर बघवत नव्हतं. सकाळी सगळ्यांसमोर माझ्याकडून ते ऐकून गेलास आणि दुपारी माझ्या तोंडी हे घातलंस. थापाड्या. घरी भांडण, माझ्याकडं भांडण, आणि तू घरी जाऊन माझीच बाजू घेऊन उभा. मला गप्प बसता आलं असतं. शमीमच्या मनात माझी चांगली गोष्ट होती, ती तशीच राहिली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं. क्षणभर तसंच करावं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तुझ्या त्या एका थापेवर एवढी वर्षं मी त्या घरचा शीरखुर्मा खाल्ला होता.

मी म्हणले, शमीम, मी असं म्हणलेच नव्हते. आणि सगळं सांगितलं. वाक्य जसंच्या तसं सांगितलं, काठीचं सांगितलं, त्याच संध्याकाळी कळलं तेही सांगितलं.

ती मीटरची वायर गुंडाळत होती. गुंडाळून झाली, पिशवीत ठेवली.

"माहीत हाय मला, अक्का. तुमच्या गल्लीतल्या बायकांनी त्याच दिवशी सांगितलं होतं."

मग आत्ता तसं का सांगितलंस, मी विचारलं. ते तसंच सांगायचे, म्हणाली, म्हणून मी बी तसंच सांगते. तुला तिनं कधी कळू दिलं नाही की तिला खरं माहीत आहे. तू तिच्यासाठी खोटं बोललास, ती तुझ्यासाठी ते खरं मानून राहिली. आणि मी दोघांच्या मधे हुग्गीचे डबे पाठवत बसले. मला रडू आवरेना. मी तिचा हात धरला आणि म्हणले, मला माफ कर. तिनं हात काढून घेतला नाही. पण ती काही मऊ बाई नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

"बोललात तवा अंगणात बोललात, सगळ्या बायकांमधी," ती म्हणाली. "आणि माफी मागताय माझ्या घरात, दार लावून."

 मी सप्लाय पदराखाली धरून घरी आले. एक नंबरला लावला, मशीन सुरू झालं. जुना सप्लायच गेला होता, बाकी सगळं ठीक आहे. सकाळच्या बॅचची पोरगी त्याच्यावर बसलीय आता.

साप्ताहिकवाल्यांना मी सांगितलंय की यातला एक शब्द कापायचा नाही. त्या दिवशी फाटकाजवळ ज्या बायका उभ्या होत्या त्यातल्या बऱ्याच अजून याच गल्लीत राहतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी अंगणात बसवून वाचून दाखवणार आहे, आणि शमीमची इद्दत संपली की तिलाही बोलावणार आहे. त्यांनी सगळ्यांनी ऐकावं म्हणून हे लिहिलं.

युनूस, ते पाणी तुझ्या घरचं होतं. माझं चुकलं.